फट कुठे पडली?

आत्याच्या तोंडात पहिला फोड आला तेव्हा घरात कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. तोंड येणं आमच्याकडे आजारात धरतच नाहीत. आजीने ज्येष्ठमधाची काडी दिली, केमिस्टने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, शेजारच्या काकूंनी रात्री तूप लावून झोपायला सांगितलं. महिन्याभराने आत्या दातांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी टोचणारी एक दाढ घासून गुळगुळीत करून दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी बुरशीवरचं औषध दिलं, तिसऱ्यांनी नागिणीच्या जातीच्या विषाणूवरचं. प्रत्येक औषधानंतर चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी गालाच्या आतल्या बाजूला नवी जखम दिसायची. भाकरीचा पापुद्रा टोचतो म्हणून ती भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. पुढे दूधही झोंबायला लागलं. "अरे, भूक लागते, पण जेवायची भीती वाटते," असं ती मला फोनवर म्हणाली तेव्हा सात महिने उलटून गेले होते.

शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिच्या हिरडीवरून हातमोजा घातलेलं बोट थोडं दाबून फिरवलं. वरचा पातळ पापुद्रा बोटाबरोबर सरकला. बाईंनी लगेच तुकडा तपासायला पाठवायला सांगितलं. तो तुकडा एका मोठ्या रुग्णालयात काढला गेला आणि फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला गेला. आठवड्याने कळलं की दोन तपासण्यांपैकी एकच होऊ शकली. दुसरीसाठी, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, फॉर्मेलिनमधला तुकडा चालत नाही. पुन्हा चिरा, पुन्हा टाका, पुन्हा वाट पाहणं.

मी सॉफ्टवेअर लिहितो. चुकीच्या फॉरमॅटमध्ये आलेली माहिती फेकून द्यावी लागते, हे मला रोज दिसतं. पण तिथे फाइल परत मागवता येते. इथे परत मागवायची होती ती आत्याच्या गालाची आतली कातडी. एका आजाराला दोन बाटल्या का लागतात, असा रागारागाने विचारलेला प्रश्न मला वाचता वाचता बराच मागे घेऊन गेला. शरीर स्वतःच स्वतःच्या कातडीवर उलटतं आणि फोड येतात, अशा आजारांच्या निदानाचा इतिहास त्या दोन बाटल्यांमध्ये भरलेला आहे. तो मला समजला तसा इथे मांडतो.

नाव आधी, आजार नंतर

आत्याच्या आजाराचं नाव पेंफिगस व्हल्गॅरिस. 'पेंफिक्स' या ग्रीक शब्दाचा अर्थ फोड किंवा बुडबुडा. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या लेखनात फोड आणणाऱ्या तापांसाठी याच शब्दाचं एक रूप येतं. ते ताप आणि आजचा पेंफिगस यांचा बहुधा काही संबंध नसावा. आपल्याकडे माधवनिदानात विसर्प, विस्फोट आणि मसूरिका अशी लागोपाठ प्रकरणं आहेत. विस्फोट म्हणजेही फोडच. जगात सगळीकडे वैद्यांनी डोळ्यांना दिसलं त्याला नाव दिलं, आणि दिसत होता तो फोड.

पण फोड भाजल्याने येतो, देवीने येतो, कांजिण्यांनी येतो, बूट चावल्यानेही येतो. 18 व्या शतकात फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या बॉसिए द सोव्हाज या वैद्याने वनस्पतींच्या वर्गीकरणाच्या धर्तीवर आजारांची कुळं आणि जाती लावल्या. त्याच्या यादीत पेंफिगस होता, पण तो तापाबरोबर येणारा, अल्पकाळाचा आजार होता. शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रॉबर्ट विलन याने त्वचेच्या आजारांचे दिसण्यावरून आठ गट पाडले. त्यातला एक गट मोठ्या फोडांचा होता. कारण वेगळं असलं तरी चेहरा सारखा असलेले आजार एका खणात जाऊन पडले.

या गर्दीतून आजच्या अर्थाचा पेंफिगस पहिल्यांदा वेगळा काढला तो हॅनोव्हरच्या योहान एर्न्स्ट विखमान या डॉक्टरने, 1791 साली. त्याने वर्णन केलेल्या रुग्णाच्या अंगावर लुळे, सहज फुटणारे फोड होते, तोंडात दुखऱ्या जखमा होत्या आणि आजार रेंगाळत चाललेला होता. ते वर्णन वाचताना मला आत्याचा चेहरा दिसला. 1844 साली पॅरिसमध्ये काझनाव्ह याने आणखी एक प्रकार नोंदवला. त्यात फोड इतके वरवरचे असतात की फोड असे दिसतच नाहीत, झाडाच्या सुकल्या पानांसारखे पापुद्रे सुटत राहतात. त्याला त्याने पेंफिगस फोलिएशियस, म्हणजे पानांचा पेंफिगस, असं नाव दिलं. या प्रकारात तोंड आतून सुरक्षित राहतं. असं का, याचं उत्तर मिळायला पुढे दीडशे वर्षं जावी लागली.

नाव मिळालं म्हणून रुग्ण वाचत नव्हते. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात फेर्डिनांड फॉन हेब्रा हा त्या काळातला त्वचारोगांचा सर्वांत नावाजलेला जाणकार होता. भाजलेल्या आणि पेंफिगस झालेल्या रुग्णांसाठी त्याने पाण्याचा पलंग तयार केला. कोमट पाण्याच्या टाकीत माणसाला झोळीसारख्या आधारावर निजवायचं आणि तिथेच त्याने खायचं, झोपायचं. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे त्या पाण्यात राहत. कातडी नसलेल्या पाठीला चादरसुद्धा सहन होत नाही, त्यावर केलेला हा उपाय होता. आजाराचं कारण त्यातून कळणार नव्हतं, पण वेदना कमी होत होती.

बोटाची परीक्षा

आत्याच्या डॉक्टरांनी हिरडीवर बोट फिरवलं, त्या कृतीला एक नाव आहे. कीव्ह शहरात काम करणाऱ्या प्योत्र निकोल्स्की या डॉक्टरने 1890 च्या दशकात पानांच्या पेंफिगसचा अभ्यास करताना ती नोंदवली. फुटलेल्या फोडाची कड चिमटीत धरून ओढली, तर ती चांगल्या कातडीवरूनही सोलत पुढे जाते. वरून अगदी धडधाकट दिसणाऱ्या कातडीवर बोट दाबून घासलं तरी वरचा थर सरकतो.

वाचायला ही गोष्ट लहान वाटते. पण तोवर सगळ्यांचं लक्ष फोडावर होतं, आणि निकोल्स्कीने फोड नसलेल्या जागेकडे पाहिलं. त्याचं म्हणणं असं होतं की या आजारात कातडीच्या थरांची एकमेकांवरची पकडच ढिली झालेली असते, आणि जिथे अजून काही दिसत नाही तिथेही ती ढिली असते. म्हणजे फोड हा परिणाम झाला. बिघाड त्याच्या आधीचा आणि त्याच्यापेक्षा जास्त पसरलेला. प्रोग्राम बंद पडतो ती ओळ आणि चूक झालेली ओळ वेगळी असते, हे शिकायला मला नोकरीतलं पहिलं वर्ष लागलं होतं.

1960 साली डेन्मार्कच्या आस्बो-हान्सेनने यात भर घातली. फोडावर वरून हलकेच दाबलं तर आतलं पाणी कडेच्या कातडीखाली घुसतं आणि फोड पसरतो. या परीक्षांना वीज लागत नाही, रसायन लागत नाही. लागतं ते बोट, आणि हे करून पाहायला हवं हे डॉक्टरला आठवणं. आत्याचे सात महिने गेले ते या दुसऱ्या गोष्टीपायी.

भाकरी आणि तिचा पापुद्रा

पुढचं समजायला कातडीची रचना ढोबळमानाने डोळ्यांसमोर असावी लागते. वरची बाह्यत्वचा पेशींच्या अनेक थरांची असते. तिच्याखाली अंतस्त्वचा असते आणि दोघींच्या मध्ये त्यांना जोडणारा एक अतिशय पातळ पडदा असतो. फुगलेली भाकरी आठवा. भाकरीचा वरचा पातळ पापुद्रा सुटू शकतो, किंवा सगळी भाकरीच तव्यापासून उचलली जाऊ शकते. पेंफिगसमध्ये पापुद्रा सुटतो, म्हणजे बाह्यत्वचेतल्याच पेशी एकमेकींना सोडतात. फोडाचं छत पातळ असल्याने तो लुळा पडतो आणि लगेच फुटतो. दुसऱ्या काही आजारांत सगळी बाह्यत्वचाच खालच्या पडद्यापासून उचलली जाते. तिथे छत जाड असतं, फोड टणक राहतो आणि बरेच दिवस टिकतो.

डोळ्यांना हे दोन्ही 'पाण्याचे फोड'च. फट कोणत्या मजल्यावर पडली हे पाहायला सूक्ष्मदर्शकच हवा. व्हिएन्नाच्या हाइनरिख आउस्पिट्झने 1881 मध्येच पेशी एकमेकींपासून सुटण्याच्या या प्रकाराला अकँथोलिसिस असा शब्द दिला होता. त्या शब्दाचं मोल मात्र साठ वर्षांनी कळलं. 1943 साली, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना, आशिल सिव्हात याने दाखवलं की खऱ्या पेंफिगसमध्ये अशा सुट्या झालेल्या गोल पेशी सापडतात आणि ड्यूरिंगच्या आजारात त्या सापडत नाहीत. ड्यूरिंगचा आजार म्हणजे फिलाडेल्फियाच्या लुई ड्यूरिंगने 1884 साली वेगळा काढलेला, भयंकर खाज आणणारा, बारीक फोडांच्या झुबक्यांचा आजार. तोवर या दोघांमध्ये गफलत होत असे.

1947 साली पॅरिसच्याच आर्नो त्झांकने काम आणखी सोपं केलं. फ्रान्समध्ये रक्तदानाची व्यवस्था उभी करणाऱ्यांमध्ये या त्वचारोगतज्ज्ञाचं नाव घेतात. त्याने फोडाचा तळ खरवडला, ते काचपट्टीवर पसरून रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. गोल, सुट्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या की पेंफिगसचा संशय बळावतो. ही तपासणी मिनिटांत होते आणि खर्च नाममात्र असतो. आपल्याकडे जिथे प्रयोगशाळा दूर आहे तिथे आजही ती कामाला येते.

या सगळ्याची नीट मांडणी 1953 साली वॉल्टर लीव्हरने केली. त्याचा जन्म जर्मनीतला, काम बॉस्टनमधलं. पेंफिगस म्हणून नोंदलेल्या रुग्णांच्या काचपट्ट्या आणि त्यांचे आजार कसे गेले हे त्याने शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. बाह्यत्वचेच्या आत फट असलेल्या रुग्णांची प्रकृती ढासळत जाई. बाह्यत्वचेच्या खाली फट असलेले रुग्ण बहुतेक म्हातारे होते, त्यांना खाज फार होती, तोंडात जखमा क्वचित होत्या, आणि त्यांच्यातले बरेच जण तगत होते. या दुसऱ्या गटाला त्याने बुलस पेंफिगॉइड म्हटलं, म्हणजे पेंफिगससारखा दिसणारा, पण पेंफिगस नसलेला.

हा फरक किती मोठा होता? स्टिरॉइडची औषधं येण्याआधी पेंफिगस व्हल्गॅरिसचे चारातले सुमारे तीन रुग्ण दगावत असत. उघड्या कातडीतून पाणी आणि प्रथिनं जात, जंतू आत शिरत. ज्याला पेंफिगॉइड होता त्यालाही पेंफिगसचंच नाव मिळे आणि त्या नावाबरोबर मरणाची खात्रीही. उलट एखादा औषधाशिवाय बरा झाला की त्या वेळी चालू असलेल्या उपचाराला श्रेय जाई. दोन आजार एका नावाखाली असताना कोणतं औषध चालतं हे ठरवताच येत नव्हतं. 1950 च्या सुमारास स्टिरॉइड हाती आली आणि त्याच सुमारास नावंही वेगळी झाली, हे रुग्णांचं नशीब.

उजेड पाडणारं प्रतिपिंड

फट कुठे पडते हे 1953 पर्यंत कळलं. ती का पडते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जंतू, विष, शरीरातल्या क्षारांचा बिघाड असे अनेक तर्क होते. शरीर स्वतःवरच उलटत असेल हा विचार मात्र कुणी सहजासहजी करत नव्हतं, आणि त्याला एक भारदस्त कारण होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाउल एर्लिख या थोर शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग केले. दुसऱ्या बकरीचं रक्त टोचलं की त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत, स्वतःचं टोचलं की होत नसत. शरीराला स्वतःविरुद्ध विष बनवण्याची धास्ती असते, असं त्यावरून एर्लिखने म्हटलं आणि त्याला 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं नाव दिलं. नाव इतकं रुबाबदार होतं की पुढच्या दोन पिढ्यांनी त्याला नियमच मानलं.

एर्लिखचा शिष्य हान्स झाक्स आणि झाक्सचा शिष्य अर्नेस्ट विटेब्स्की. नाझींमुळे जर्मनी सोडावी लागलेला विटेब्स्की अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात आला. तो या नियमाचा कट्टर पाईक. त्याच्याच प्रयोगशाळेत नोएल रोझ या तरुणाने सशांना त्यांच्याच थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचला, तर प्रतिपिंडं तयार झाली आणि ग्रंथीला इजाही झाली. विटेब्स्कीने प्रयोग पुन्हापुन्हा करून घेतले आणि 1956 मध्ये ते प्रसिद्ध केले. गुरूच्या गुरूचा नियम त्याने स्वतःच्या हाताने मोडला. मला या सगळ्या कथेतला तो सर्वांत आवडता माणूस वाटतो.

त्याच विभागात अर्न्स्ट बॉयटनर काम करत होता. त्याच्या हाती जे साधन होतं ते हार्वर्डच्या आल्बर्ट कून्सचं. 1939 साली बर्लिनमध्ये फिरत असताना कून्सच्या मनात आलं होतं की प्रतिपिंडाला चमकणारा रंग चिकटवला, तर ते शरीरात कुठे जाऊन बसतं हे डोळ्यांनी पाहता येईल. पहिला रंग निळा चमकायचा, पण शरीरातले ऊतकही निळसर चमकत असल्याने दिवा दिव्यात हरवायचा. मग त्याने हिरवा चमकणारा फ्लुरोसिन घेतला. अंधारात हिरवं दिसलं की प्रतिपिंड तिथे आहे, इतकी साधी कल्पना.

1964 मध्ये बॉयटनर आणि त्याचा तरुण सहकारी रॉबर्ट जॉर्डन यांनी पेंफिगसच्या रुग्णांचं रक्तद्रव घेतलं, ते ऊतकाच्या पातळ कापावर सोडलं, आणि मानवी प्रतिपिंडाला चिकटणारा हिरवा रंग वरून दिला. बाह्यत्वचेतल्या प्रत्येक पेशीभोवती हिरवी रेघ उमटली, मासेमारीच्या जाळ्यासारखी. रुग्णाच्या रक्तात त्याच्याच कातडीच्या जोडणीविरुद्ध प्रतिपिंडं होती. पुढे या तपासणीसाठी माकडाच्या अन्ननलिकेचे काप रूढ झाले.

तीन वर्षांत, 1967 साली, पेंफिगॉइडच्या रुग्णांतही प्रतिपिंडं सापडली. पण तिथे जाळं नव्हतं, बाह्यत्वचेच्या तळाशी एकच सरळ हिरवी रेघ होती. लीव्हरने फटीवरून वेगळे केलेले दोन आजार प्रकाशातही वेगळेच निघाले. 1969 मध्ये हॉलंडच्या व्हान डर मीर याने ड्यूरिंगच्या आजारात अंतस्त्वचेच्या टोकांवर साखर सांडावी तसे बारीक चमकते कण दाखवले. ते फोडावर नीट दिसत नाहीत, शेजारच्या चांगल्या कातडीत दिसतात. या रुग्णांच्या आतड्यांवर गव्हातल्या ग्लूटेनचा परिणाम होतो हे तोवर लक्षात आलं होतं. खाजवून हैराण झालेल्या माणसाला गहू सोडायला सांगायचा, हा सल्ला त्यातून आला.

इथे माझ्या रागाचं उत्तर मिळालं. साध्या तपासणीत पेशींचा आकार बघायचा असतो. फॉर्मेलिन प्रथिनांना एकमेकांत गुंतवून घट्ट करतं, त्यामुळे आकार टिकतो. फ्लुरोसन्समध्ये आकार पाहायचा नसतो, रुग्णाच्या कातडीत बसलेलं प्रतिपिंड शोधायचं असतं, आणि फॉर्मेलिनने केलेल्या गुंत्यात रंगाला ते सापडत नाही. म्हणून हा दुसरा तुकडा फोडाच्या शेजारच्या, न फुटलेल्या जागेतून घेतात आणि 1970 च्या दशकात रूढ झालेल्या मिशेलच्या द्रावणात ठेवतात. त्यात मुख्यतः अमोनियम सल्फेट असतं. ते हाताशी नसेल तर तुकडा साध्या सलाइनमध्ये घालून दिवसभरात पोचवला तरी चालतो. म्हणजे आत्याचा दुसरा चिरा टाळायला सलाइनची एक बाटली पुरली असती.

जोडणीचं नाव

प्रतिपिंड सापडलं म्हणून तेच गुन्हेगार ठरत नाही. घर जळताना तिथे उभा असलेला माणूस आग लावणाराही असू शकतो आणि विझवायला आलेलाही. 1982 मध्ये ग्रँट ॲनहाल्ट, लुइस डायझ आणि सहकाऱ्यांनी पेंफिगसच्या रुग्णांची प्रतिपिंडं नुकत्याच जन्मलेल्या उंदरांना टोचली. उंदरांच्या अंगावर फोड आले, पेशी सुटल्या आणि निकोल्स्कीची बोटाची परीक्षाही त्यांच्यात खरी ठरली. प्रतिपिंड हेच कारण होतं.

आता एकच प्रश्न उरला होता. हे प्रतिपिंड नेमकं कशाला पकडतं? पेशींना जोडणारे बारीक ठिपके इटलीच्या बित्झोझेरो याने एकोणिसाव्या शतकातच पाहिले होते. पुढे त्यांना डेस्मोसोम म्हणू लागले. 1991 मध्ये अमेरिकेत जॉन स्टॅनलीच्या प्रयोगशाळेत आलेल्या मासायुकी अमागाई या जपानी त्वचारोगतज्ज्ञाने रुग्णाचं प्रतिपिंडच गळ म्हणून वापरलं. माणसाच्या त्वचेच्या जनुकांचे असंख्य तुकडे जिवाणूंकडून प्रथिनांच्या रूपात तयार करून घेतले आणि त्यातलं कोणतं प्रथिन या गळाला लागतं ते पाहिलं. गळाला लागलं ते पेशींना जोडणाऱ्या कॅडहेरिन कुळातलं एक नवं प्रथिन. आज त्याला डेस्मोग्लीन 3 म्हणतात. पानांच्या पेंफिगसमध्ये हल्ला होतो तो त्याच्या भावंडावर, डेस्मोग्लीन 1 वर.

काझनाव्हच्या काळापासून अडलेलं कोडं इथे सुटलं. तोंडाच्या आतल्या त्वचेची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन 3 वर असते, बाहेरच्या कातडीच्या वरच्या थरांची डेस्मोग्लीन 1 वर. फक्त 1 वर हल्ला झाला तर तोंडात 3 सांभाळून घेतं. फक्त 3 वर झाला तर कातडीत 1 सांभाळून घेतं आणि जखमा तोंडापुरत्या राहतात. दोन्हींवर झाला की तोंडही जातं आणि अंगही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही प्रथिनं प्रयोगशाळेत तयार करून त्यांवर रक्ताची तपासणी बसवली गेली. तिला एलायझा म्हणतात. आत्याच्या अहवालात डेस्मोग्लीन 3 चा आकडा चढा होता आणि 1 चा साधारण होता. तिच्या अंगावर एकही फोड का नव्हता, आणि म्हणूनच त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला तिला सात महिने का लागले, हे त्या दोन आकड्यांनी सांगून टाकलं.

याच संशोधनाने आणखी एक जुनी चूक वेगळ्या उजेडात आणली. प्रागच्या रिटरने 1878 साली तान्ह्या बाळांची कातडी सोलणारा एक आजार नोंदवला. बाळांच्या अशा फोडांना पुष्कळ वर्षं नवजात पेंफिगस म्हणत. पुढे ते जिवाणूमुळे होतात हे कळलं आणि पेंफिगसचं नाव चूक ठरलं. 2000 साली अमागाई आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या जिवाणूचं विष डेस्मोग्लीन 1 लाच कापतं. शत्रू वेगळा होता, तुटणारा टाका तोच होता. चुकीचं नाव ठेवणाऱ्या त्या वैद्यांची नजर अगदीच वाया गेलेली नव्हती.

पेंफिगॉइडच्या बाजूला तर निदान स्वयंपाकघरातल्या मिठाने पुढे नेलं. बाह्यत्वचेच्या तळाशी हिरवी रेघ दिसणारे आजार एकाहून जास्त आहेत. 1984 मध्ये गॅमन आणि सहकाऱ्यांनी चांगल्या कातडीचा तुकडा मिठाच्या दाट पाण्यात ठेवला. मिठाने ती कातडी मधल्या पडद्यात बरोबर उकलते. त्यावर रुग्णाचं रक्तद्रव सोडलं की हिरवा रंग छताला लागला तर बुलस पेंफिगॉइड, तळाला लागला तर एपिडर्मोलायसिस बुलोझा ॲक्विझिटा हा वेगळा, औषधांना जुमानायला कठीण आजार असण्याची शक्यता जास्त. भाकरीची उपमा पुढे चालवायची तर पीठ भाकरीला चिकटून आलं की तव्यावर राहिलं, एवढंच इथे पाहायचं.

निदानानंतर

उपचारांची कथा वेगळ्या लेखाची आहे, पण एक गोष्ट इथे सांगायला हवी. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी पेंफिगससाठी पल्स उपचार रूढ केला. महिन्यातून सलग तीन दिवस शिरेतून डेक्सामेथासोन, पहिल्या दिवशी त्याबरोबर सायक्लोफॉस्फमाइड, आणि मधल्या दिवसांत सायक्लोफॉस्फमाइडची लहान गोळी. देशभरातल्या रुग्णालयांनी हा उपचार उचलला. पाश्चात्त्य पुस्तकातलं औषध परवडत नसलेल्या किंवा रोज घेणं न झेपणाऱ्या अनेकांना त्याचा आधार मिळाला. 2018 मध्ये अमेरिकेत पेंफिगससाठी रिटक्सिमॅबला मान्यता मिळाली. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींच्या पूर्वजांनाच ते हटवतं. आत्याला तेच दिलं, सोबत कमी होत जाणारं स्टिरॉइड.

पण कोणतंही औषध निदानाच्या रांगेत शेवटी उभं असतं. रिटक्सिमॅब चुकून बुरशीच्या रुग्णाला देता येत नाही, आणि पेंफिगसच्या रुग्णाला बुरशीचं औषध देत राहिलं तर जखमा वाढतच जातात. रांगेतल्या पहिल्या माणसाला बोट फिरवून पाहायचं सुचलं, तर मागचं सगळं यंत्र हलतं. तोंडातल्या जखमा दोन-तीन आठवडे गेल्या नाहीत, तर त्यांना 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नये, हे मी आता ओळखीच्या प्रत्येकाला सांगत सुटलो आहे. बायोप्सीचा विषय निघाला तर दोन बाटल्या आहेत ना, हेही विचारतो. लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहतात.

आत्याला पेंफिगस हा शब्द अजून नीट म्हणता येत नाही. ती त्याला 'ते फेफीगस' म्हणते. त्याचा अर्थ काय, असं तिने मला विचारलं होतं. मी सांगितलं, फोड. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "एवढे सगळे शिकलेले लोक, आणि नाव फोडच ठेवलं?"

परवा फोन आला तेव्हा ती चावत चावत बोलत होती. काय खातेस, म्हणून विचारलं. कालची भाकरी, शेंगदाण्याची चटणी घालून. पापुद्रा आधी खाल्ला, म्हणाली.